चाचांची अमेरिका

जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर चाचा कधी बोलत नसत. आमच्या घरात न पाहिलेल्या देशांवर जेवण होईस्तोवर बोलणारे एक गृहस्थ असल्यामुळे (त्यांच्याशी माझं लग्न झालेलं आहे) मला चाचांच्या या सवयीचं फार अप्रूप वाटे. "बघितलं नाय ते बोलायचं नाय," असं म्हणून ते चहाचा पेला तोंडाला लावत, आणि मग कितीही उचकवलं तरी बोलत नसत.

चाचा दापोलीकडचे. कतारमध्ये, दोहाला लागून असलेल्या अल रय्यानमधल्या एका कंपाउंडमध्ये अमेरिकन कुटुंबं राहत, त्यांचे एसी आणि नळ ते दुरुस्त करत. मी तिथल्या ऑफिसात तक्रारी लिहून घेई. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. जगभर पांगलेल्या मराठी माणसांचा एक ई-मेल ग्रुप होता, त्यात मीही होते. मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करावं लागे आणि वाचताना निम्मं अंदाजाने समजून घ्यावं लागे, पण दोहात बसून कुणाची तरी मराठी रोज वाचायला मिळते याचंच कौतुक होतं. त्यात अमेरिकेला नव्याने गेलेल्या मुली प्रश्न विचारत, आणि तिथे मुरलेली मंडळी त्यांना मोठ्या तोऱ्यात उत्तरं देत.

एकदा टेक्सासहून एका नव्या नवरीने विचारलं होतं की, शेजारीण रोज 'कशी आहेस' म्हणते आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जाते, हे लोक इतके खोटे का? मी ते जेवणाच्या सुट्टीत चाचांना मोठ्याने वाचून दाखवलं. चाचा हसले. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका साहेबाने त्यांना असंच विचारलं, तेव्हा चाचांनी भर उन्हात उभं राहून त्याला आपल्या गुडघ्याची सगळी हकीकत सांगितली होती. साहेब बिचारा घाम पुसत शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आला. "म्हणजे विचारणं खोटं नसतं," चाचा म्हणाले, "थांबायचा रिवाज नाय एवढंच. पण सांगितलंस तर ऐकतात." मी ते जसंच्या तसं टाइप केलं आणि खाली 'चाचा' अशी सही ठोकली.

त्यानंतर चाचांच्या नावाने प्रश्न यायला लागले. पाहुण्याने आणलेली भेट त्याच्यासमोरच का उघडायची, पोराला वेगळ्या खोलीत का निजवतात, जेवायला बोलावलं तर काय न्यायचं. चाचांनी पाहिलेलं असलं तर उत्तर लगेच मिळे. नसलं तर ते कंपाउंडमधल्या अकरा नंबरच्या घरातल्या अमेरिकन मॅडमना विचारत, आणि त्यासाठी अकरा नंबरमध्ये काहीतरी बिघडण्याची वाट पाहत. कधीकधी दहा दिवस काहीच बिघडत नसे. तेव्हा चाचा इतके बेचैन होत की ते स्वतःच जाऊन एखादा नळ ढिला करून येतील की काय, अशी मला शंका येई.

हा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी कतारला आल्यावरच्या पहिल्या आठवड्याची गोष्ट सांगितली. एका कतारी घरी काम झाल्यावर त्यांना कॉफी दिली. पेली रिकामी झाली की यजमान पुन्हा भरी, आणि नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून चाचा पुन्हा पीत. पुरे झालं की पेली हातात जराशी हलवायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अकरा पेल्या झाल्या. तीन दिवस छाती धडधडत होती. "पेली हलव, एवढं सांगणारा एक माणूस पायजे होता, बाय," ते म्हणाले.

सगळ्यांत आठवतं ते मिशिगनच्या एका बाईंना दिलेलं उत्तर. त्यांच्या शेजारणीचा नवरा गेला, तेव्हा या आठवडाभर तिला डबा देत होत्या. महिन्याने शेजारणीचं पोस्टाने कार्ड आलं, आभाराचं. भिंतीला भिंत लागून घर, आणि आभार पोस्टाने! बाईंना ते फार लागलं. आपल्यात आभार मानले की माणूस परका झाला. त्यांनी त्या घरी जाणंच सोडलं होतं.

चाचांनी तीन दिवस घेतले. अकरा नंबरच्या मॅडमची आई वारली होती, तेव्हा चाचा त्यांच्याकडे एसी दुरुस्त करत होते. त्यांनी लिहायला सांगितलं ते असं: "ती बाई सकाळपासून टेबलापाशी आभाराची कार्डं लिहीत होती. एकेक कार्ड तीनदा फाडलं. मध्येच रडायची, पुन्हा लिहायची. तुमच्या कार्डासाठी पण कुणीतरी असंच बसलं असेल. जाऊन या."

मिशिगनच्या बाईंनी त्यावर काहीच कळवलं नाही. उत्तर चुकलं की काय, म्हणून चाचा बरेच दिवस खट्टू होते.

आता माझा गुन्हा सांगते. ग्रुपवर सगळ्यांची समजूत होती की चाचा अमेरिकेत राहतात. ती मला दिसत होती आणि मी ती दूर केली नाही. चाचांना स्वतःला ग्रुप वाचता येत नसे, मी वाचून दाखवीन तेवढंच त्यांना कळे, आणि मी सोयीचं तेवढंच वाचत असे. मग शिकागोच्या एका गृहस्थांनी लिहिलं की, उन्हाळ्यात आम्ही सगळे जमतो आहोत, चाचांनी प्रमुख पाहुणे म्हणून यावं, पत्ता कळवावा. हे मात्र वाचून दाखवणं भाग होतं.

चाचांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे हे लोक मला तिथला समजतात?" मी घाईघाईने म्हटलं की तब्येतीचं कारण कळवू, प्रकरण मिटेल. त्यांनी नकाराची मान हलवली. खरं लिहिलं तर ते विचारायचं बंद करतील, असंही मी सांगून पाहिलं.

"करतील," चाचा म्हणाले. "बाय, सव्वीस वर्षं लोक मला नळ कुठं गळतोय ते सांगतात. मला काय वाटतं ते विचारणारे हे पहिलेच. म्हणूनच खोटं नको. लिही."

मी लिहिलं. चाचा अमेरिकेला कधी गेलेले नाहीत, कतारमध्ये अमेरिकन लोकांच्या घरी नळ आणि एसी दुरुस्त करतात, आणि जे सांगितलं ते तिथे पाहिलेलं किंवा तिथल्या माणसांना विचारलेलं आहे. कुणाला फसवल्यासारखं वाटलं असेल तर माफी असावी. गैरसमज मी वाढू दिला, हे वाक्य मी माझ्या मनाने खाली जोडलं.

दोन दिवस एकही मेल नाही. तिसऱ्या दिवशी शिकागोच्या गृहस्थांनी लिहिलं की, प्लंबरकडून अमेरिका शिकण्याइतके आम्ही अडाणी नाही. मी ते चाचांना वाचून दाखवलं, कारण आता काही गाळायचं नाही असं मी ठरवलं होतं. चाचा 'खलास' म्हणाले आणि हत्यारांची पेटी उचलून कामाला गेले. त्यांची ती पाठ बघून मला इतकं वाईट वाटलं की दुपारचा डबा मी तसाच परत नेला.

आणि चौथ्या दिवशी मिशिगनच्या बाईंचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, "मी इथे नऊ वर्षं राहते. शेजारणीच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा बसले ती चाचांचं उत्तर वाचून. आता दर बुधवारी बसते. तुम्ही सगळे अमेरिकेत राहता, पण अमेरिकन माणसाच्या घरात किती जण गेला आहात? मला तरी चाचाच हवेत." त्याच पत्राच्या शेवटी त्यांनी नवा प्रश्नही विचारला होता. शेजारणीची लेक दुसरं लग्न करते आहे, तर आहेर काय द्यावा? चाचांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "अकरा नंबरची काय तक्रार आली का गं?" पुढे चार वर्षं प्रश्न येत राहिले, आधीपेक्षा जास्तच.

मग चाचा निवृत्त होऊन गावी गेले. मी अजून दोहात आहे. नवीन बिऱ्हाड आलं की मी चार दिवस त्यांच्याकडे जाऊन बसते, काय विचारतात ते ऐकते, आणि मला ठाऊक नसलेलं ठाऊक नाही म्हणते. हे मला आईवडिलांनी शिकवलेलं नाही, चाचांनी शिकवलं.

चाचा गावी जायच्या महिनाभर आधीची एक दुपार सांगते. अकरा नंबरच्या मॅडमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता, म्हणून मी चाचांना पाठवलं. तास झाला, दोन तास झाले, चाचा येईनात. उन्हातून मीच गेले. मॅडमच्या नवऱ्याची मुंबईला बदली झाली होती. मॅडम वही-पेन घेऊन टेबलापाशी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर, हत्यारं खाली ठेवून, चाचा बसले होते. मुंबईत शेजारी येता-जाता 'जेवलात का' विचारतात म्हणे, तेव्हा काय म्हणायचं असतं, असं त्या चाचांना विचारत होत्या.

मला पाहून चाचा उठले नाहीत. "बस, बाय," ते म्हणाले, "मॅडमना आपली माणसं समजून घ्यायची हायत." आणि मग डोळे मिटून, अगदी सावकाश, ते आपल्या गावच्या ओटीवर कोण कसं विचारतं ते सांगू लागले. मॅडम एकेक शब्द लिहून घेत होत्या. मागे नळ गळतच होता.