पहिला घोट दुसऱ्याचा

ग्योतोकुच्या आमच्या सुपरमार्केटमध्ये जून उजाडला की जाळीच्या पिशव्यांतून हिरवी, गोल, अंगावर बारीक लव असलेली फळं येतात. पहिल्या वर्षी मी ती बाळकैऱ्यांची कसलीतरी जपानी जात समजलो आणि किलोभर उचलली. घरी मोहरीची डाळ होती, हिंग होता, आईनं नाशिकहून पाठवलेलं लोणच्याच्या मसाल्याचं पाकीट होतं. बिलाच्या रांगेत उभ्या उभ्याच मी मनातल्या मनात फोडी करायला लागलो होतो.

माझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "याचं काय करणार?"

"लोणचं," मी म्हणालो. "तिखट."

ते जरा घाबरलेच. "कच्ची खाऊ नका बरं का, पोट बिघडेल." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्हाला एक वर्ष थांबता येईल का?"

माझा व्हिसा तेव्हा एकेका वर्षाचाच मिळायचा. शिवाय थांबणं माझ्या रक्तातच नाही. मायक्रोवेव्हचे शेवटचे दहा सेकंदसुद्धा मला सोसवत नाहीत. पण जपानीत नीट नाही म्हणायला मी अजून शिकलो नव्हतो, म्हणून हो म्हणालो.

असा मी उमेशूवाल्यांच्या मंडळात जाऊन पडलो. उमे म्हणजे ते हिरवं फळ, आणि उमेशू म्हणजे ते मुरवून केलेली दारू. या देशात घरी दारू गाळायला बंदी आहे. पण विकत आणलेल्या कडक दारूत फळं आणि साखर मुरत घालून घरी पिण्यासाठी ठेवली तर चालतं. विकायची मात्र नाही, आणि द्राक्षं घालायची नाहीत. हो, द्राक्षांना कायद्यानंच मनाई आहे. मी नाशिकचा. पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहानं "पुढच्या वर्षी द्राक्षं घालू या" म्हणालो, तर मी बँक लुटायचा बेत सांगितल्यासारखे सगळे गप्प झाले.

मंडळ म्हणजे सात-आठ माणसं, बहुतेक रिटायर झालेली, आणि नगरपालिकेच्या सभागृहातली वरच्या मजल्यावरची एक खोली. सुपरमार्केटमधले गृहस्थ त्यांत सगळ्यात जुने. स्टेशनजवळ त्यांचं चाळीस वर्षं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. मंडळात सगळे त्यांना कुलूपवालेच म्हणायचे, घरी आम्ही पुढे काका जोडलं. आणि एक बाई होत्या, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर मुलांचं जेवण शिजवलेल्या. त्यांचा आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

त्या दुपारचं मला सगळं सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. पाण्यात बुडालेली फळं, त्यांच्या लवेला चिकटलेले हवेचे बुडबुडे, आणि एकेक फळ उचलून पंच्यानं कोरडं करणारे बारा-चौदा हात. देठाच्या जागी एक बारीक काळा टिकला असतो, तो बांबूच्या काडीनं काढायचा. काढला की फळाला एक इवलीशी बेंबी दिसते. कुणी फारसं बोलत नव्हतं. लांबून तोझाई लाइनची गाडी पुलावरून गेल्याचा आवाज यायचा आणि खोलीत पुन्हा टिकले काढण्याची शांतता. असं एका फळाकडे इतका वेळ मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. अधूनमधून मी कुठे आहे हेच विसरत होतो, आणि ते विसरणं मला आवडत होतं.

बाकीच्यांनी बरणीत फळांचा थर, खडीसाखरेचा थर असं भरलं. मी खडीसाखरेऐवजी हिगाशी-कसाई भागातल्या भारतीय दुकानातून आणलेला गूळ घातला. कुणाला न सांगता दोन वेलदोडेही टाकले. वरून दारू ओतली, लाल झाकण लावलं, आणि घरी आणून बरणी सिंकखाली ठेवली. आईला फोनवर सांगितलं, फळांचं सरबत घातलंय. ती म्हणाली, वर्षभर मुरणारं सरबत मी पहिल्यांदाच ऐकतेय. पाणी कुठेतरी मुरतंय हे तिला कळलं असावं, पण पुढे काही बोलली नाही.

त्या दुपारी सभागृहातून निघताना प्रत्येकानं माझ्या हातात एकेक छोटी बाटली दिली, आपापल्या जुन्या बरणीतली. मला काही समजेना. स्वयंपाकघरवाल्या बाईंनी समजावलं. नव्या माणसाकडे पहिल्या वर्षी प्यायला काहीच नसतं. मग तो रोज बरणीकडे बघतो आणि अर्ध्यातच उघडतो. म्हणून त्याला थांबायला सगळ्यांनी मदत करायची. त्याची बरणी तयार झाली की त्यानं बाटल्या भरून परत द्यायच्या. मला एकदम आईची आठवण झाली. शेजारून आलेली वाटी आमच्याकडेही कधी रिकामी परत गेली नाही.

कुलूपवाल्या काकांच्या बाटलीवरच्या कागदावर एक छोटीशी किल्ली काढली होती. ती मी शेवटपर्यंत पुरवून पुरवून प्यालो. ऑफिसात काही बिनसलं, व्हिसाचे कागद अडले, की घरी येऊन टोपणभर. पूर्वेकडच्या बाल्कनीत उभं राहायचं, इमारतींच्या मधल्या फटीतून आकाश कसं जांभळं होतंय ते बघायचं, आणि जिभेवर ते आंबटगोड घोळवत राहायचं. ते वर्ष मी कुणाच्या तरी हाताला धरून चालल्यासारखा चाललो. मधे कधीतरी व्हिसा वाढवून मिळाला, आणि मला पहिला विचार आला तो बरणीचा.

मंडळाचा आणखी एक नियम होता. आपल्या बरणीतला पहिला घोट आपण घ्यायचा नाही, दुसऱ्यानं घ्यायचा. आपल्या पोराला कोण वाईट म्हणेल, असं त्यामागचं कारण असावं. मला तो नियम फार आवडला होता.

वर्षानं, बरण्या उघडायच्या रविवारी, मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बायको हसली, "अरे, मुलगी बघायला चाललायस का?" खोलीत टेबलावर सगळ्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. खिडकीतलं ऊन त्यांच्यातून आरपार जाऊन पांढऱ्या कापडावर सोनेरी, मधाळ डाग पडले होते. माझी बरणी सगळ्यांत काळपट, गुळाची. नव्या माणसाची आधी, असं म्हणून बाईंनी तिच्यातला पहिला पेला भरला आणि कुलूपवाल्या काकांपुढे ठेवला.

त्यांनी पेला उचलला. डोळे मिटले. नाकाजवळ धरला आणि खूप वेळ तसाच धरून ठेवला. एकदा बाजूला केला, पुन्हा जवळ आणला. मग त्यांनी डोळे उघडले, बाईंना हळूच काहीतरी म्हणाले, आणि पेला जसाच्या तसा खाली ठेवला. ओठालाही लावला नाही.

माझे कान तापले. आमच्या घरी पानात टाकलेलं चालत नाही. वाढलेलं तोंडालाही न लावणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर मारणंच. वर्षभर जपलेली बरणी, आणि नुसता वास घेऊन बाजूला! ऑफिसचा कॉल आहे असं पुटपुटत मी बरणीचं झाकण लावलं, ती उचलली आणि निघालो. रविवारी कसला ऑफिसचा कॉल! पण कुणी विचारलं नाही. इथे कुणी काही विचारत नाही, ही मोठी सोय आहे आणि तेवढीच मोठी गैरसोयही.

"त्यांनी तोंडालासुद्धा लावली नाही," मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"मग तू लाव."

"मला कशी लावता येईल? पहिला घोट दुसऱ्याचा."

"मी तर पीत नाही." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे रुसलायस त्यांच्यावर, आणि नियमही त्यांचाच पाळतोयस? धन्य आहे तुझी."

बरणी परत सिंकखाली गेली. मंडळाचे निरोप यायचे, मी बिझी आहे म्हणून कळवायचो. रिकाम्या बाटल्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या, त्यांच्यात किल्लीवालीही. परत न केलेल्या वाट्यांसारख्या त्या मला रोज दिसायच्या. कधी सिंकखालचं दार उघडलं की आत ती बरणी अंधारात आपल्याआपण उजळल्यासारखी वाटायची. मी दार लावून टाकायचो. खरं सांगायचं तर मला ती माणसं फार आठवत होती, पण रागाला एकदा घरात घेतलं की त्याला जा म्हणायची लाज वाटते.

मार्चमध्ये, कोबीच्या ढिगापाशी, स्वयंपाकघरवाल्या बाई भेटल्या. "फार बिझी हो तुम्ही!" सगळ्या सुपरमार्केटला ऐकू गेलं. "बरणीचं काय झालं? कुलूपवाले सारखे विचारत असतात."

माझा तोल गेला. "त्यांना आवडली नव्हती ना? प्यालेच नाहीत ते."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आलेला मी ऐकला.

"ते कुणाचीच पीत नाहीत. आठ वर्षं झाली. हृदयाच्या गोळ्या आहेत, डॉक्टरांनी थेंबही नको म्हटलंय. पण नाक म्हणाल तर आमच्यात त्यांचंच. म्हणून तर नव्या माणसाची बरणी आधी त्यांच्यापुढे ठेवतो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मग ते दरवर्षी स्वतःची बरणी कशाला घालतात?"

"नव्या माणसाकडे पहिल्या वर्षी प्यायला काही नसतं ना," त्या म्हणाल्या.

मी हातातला कोबी परत ढिगावर ठेवला. त्यांनी पुढे सांगितलं, की काका या रविवारी निइगाताला जाणार, मुलीकडे, कायमचे. त्या दिवशी गुरुवार होता.

शनिवारी दुपारी मी किल्लीवाली बाटली घासूनपुसून घेतली. सिंकखालची बरणी काढली, झाकण उघडलं आणि बाटली भरली. चव घ्यायचा मोह झाला, घेतली नाही. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी दारू घेऊन जाणं हा मूर्खपणाच होता, पण रिकामी बाटली घेऊन जाणं मला जमलं नसतं. रस्त्यातल्या चेरीच्या झाडांना अजून फुलं नव्हती, नुसत्या फांद्या होत्या. मी सगळ्या वाटेनं जपानीत माफीचं वाक्य जुळवत होतो.

त्यांच्या दोन खोल्यांत सगळीकडे बांधलेली खोकी होती. गेल्याच आठवड्यात भेटल्यासारखे ते हसले. "काम फार होतं ना तुम्हाला," म्हणाले. मला लपायला त्यांनी माझंच खोटं पुढे केलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "काम नव्हतं. रागावलो होतो." आणि जुळवलेलं वाक्य बाजूला राहून सगळं भडाभडा सांगून टाकलं, मोडक्या जपानीत, पान, वाढणं, आई, सगळं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "माझीच चूक झाली." त्यांनी चूक अशी उचलून आपल्याकडे घेतल्यावर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाटली पुढे केली.

त्यांनी कागदावरची किल्ली बघितली, बूच काढलं आणि डोळे मिटले. खिडकीतून ऊन येत होतं, खोक्यांवर धूळ तरंगत होती, खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. किती वेळ गेला कळलं नाही. मला त्या खोलीतून कधीच बाहेर पडू नये असं वाटत होतं.

"मागच्या जूनमध्ये गूळ पुढे होता," ते डोळे मिटूनच म्हणाले. "फळ कुठेतरी मागे उभं होतं. आता गूळ मागे सरकलाय. तो तुमच्याकडचा मसाला, दोन दाणे असावेत, तो मात्र आहे तिथेच आहे."

वेलदोड्यांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी एकदा घेतलेला वास त्या माणसानं तसाच्या तसा जपून ठेवला होता, आणि मी फक्त राग ठेवला होता.

पेले सगळे खोक्यात गेले होते. त्यांनी थर्मासचं झाकण पुसलं, त्यात थोडी ओतली आणि माझ्यापुढे सरकवली. "घ्या."

"पण पहिला घोट—"

"तो मी मागच्या जूनमध्येच घेतलाय," ते म्हणाले.

मी प्यालो. पावणेदोन वर्षांनी, माझ्याच बरणीतली, पहिल्यांदा. गूळ लागला, मागून आंबट, आणि अगदी शेवटी वेलदोडा, ते म्हणाले तसाच. माझे डोळे भरून आले. काकांनी खिडकीबाहेर बघितलं, मला हवा तेवढा वेळ दिला. मग बाटलीला बूच लावून त्यांनी ती परत माझ्याच हातात ठेवली.

"जूनमध्ये कुणीतरी नवीन येईल," ते म्हणाले, "त्यांना द्या."