लादीचा बर्फ

आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त जेवणात. अकोल्याचे बौद्ध आम्ही, वडील मास्तर. भुताखेतांचं नाव काढलं की कानाखाली बसायची! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या अन् दिल्लीत वीज टिकत नव्हती. मी तिथेच मुनिरक्यात खोली घेऊन पीएचडी करत होते. काम काय, तर मातीतल्या एका बॅक्टेरियातून डीएनए ठरावीक जागीच कापणारं एन्झाइम शुद्ध करायचं. दोन वर्षं नुसती बोंब. शेवटी आमचे सर म्हणाले, "मंडे को कटा हुआ डीएनए दिखाओ, वरना टॉपिक बदलो." आणि टूरवर गेले.

जूनमधल्या त्या शनिवारी एकदाचं एन्झाइम हाती आलं. मोजून चार छोट्या ट्यूब. बर्फाच्या बादलीत खोचल्या, कोल्ड रूममध्ये ठेवल्या, कुलूप लावलं. एक चावी माझ्या पर्समध्ये, दुसरी सरांबरोबर टूरवर.

संध्याकाळी खोलीवर आले अन् लाइट गेली, ती सोमवारपर्यंत आलीच नाही. संस्थेत जनरेटर आहे म्हणून मी निवांत! सोमवारी सकाळी कळलं, तोही शनिवारीच बंद पडला होता. धावतच गेले. कोल्ड रूमचं दार उघडलं तर आत भट्टी. एन्झाइमला अशी उष्णता म्हणजे मरणच. रडतरडतच बादलीचं झाकण काढलं.

बर्फ! काठोकाठ!

आमचं मशीन बर्फाचा चुरा पाडायचं. हे मात्र लादी फोडलेले मोठाले तुकडे होते, एकाला भुसाही चिकटलेला. चारही ट्यूब गारेगार.

गार्ड म्हणाला, "मॅडम, कोई नहीं आया, कसम से." मुनिरक्याचा बर्फवाला तर हसलाच — "दो दिन से फॅक्टरी बंद है, बर्फ बेची किसने?" लॅबमधली मैत्रीण म्हणे, "यार, तू ही लाई होगी, टेन्शन में भूल गई!" अगं, लाइट गेल्यापासून मी खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं! घरमालकीण साक्षीला आहे.

थोड्या वेळात लाइट आली, तशी त्या एन्झाइमला डीएनए कापायला दिला. दुपारी टूरवरून परतलेल्या सरांसमोर जेल दिव्याखाली धरलं, कापलेले तुकडे त्यात पट्ट्यांसारखे दिसतात. डीएनएचे तीन स्वच्छ पट्टे, हवे तिथेच. सर पहिल्यांदाच "वाह!" म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

थीसिसमध्ये आभाराच्या पानावर शेवटी एक ओळ टाकली — 'आणि बर्फ आणणाऱ्याचे.' सर पुराव्याशिवाय एक शब्द ठेवत नसत. लाल पेन उघडून त्यांनी विचारलं, "ये कौन है?"

"पता नहीं, सर."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पेनाला टोपण लावलं आणि पान उलटलं. ती ओळ आजही थीसिसमध्ये तशीच आहे.