चौथ्या बटणाचा दिवा

जन्मभर यंत्रमागाच्या खडखडाटात काढल्यामुळे ह्यांना साठीच्या आतच ऐकू येईनासं झालं. पुढे अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि हे माडीवरच्या खोलीत कॉटला खिळले. पाण्याची मोटार चालू राहिली का, खालचा टीव्ही कुणी बंद केला का, याचा घोर त्यांना दिवसभर. मी सारखी जिना चढायची आणि हातानं खूण करून सांगायची. मागाजवळ बोललेलं ऐकू येत नसतं, म्हणून विणकरांच्या घरात खुणांची भाषा सगळ्यांनाच येते.

आमचा मुलगा मच्छे गावातल्या एका कारखान्यात कामाला आहे. त्यानं एक रिमोट आणला. त्याच्या प्रत्येक बटणाखाली बारीक दिवा. वस्तू चालू असली की तिचं बटण हिरवं, बंद झाली की विझायचं. पहिलं बटण मोटारीचं, दुसरं टीव्हीचं, तिसरं गिझरचं. चौथं कशाला जोडू, म्हणून त्यानं खुणेनं विचारलं.

"अण्णाच्या मागाला," हे म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या घराला पाठ लावूनच त्यांचं घर. मुलं दुसऱ्या कामाला लागली तरी एक माग त्यांनी ठेवलेला. दोघं भाऊ एकाच मागावर काम शिकले होते. पण अण्णांचे गुडघे गेल्यापासून त्यांना आमची माडी चढवेना आणि ह्यांना तर उतरताच येत नव्हतं. भिंतीला भिंत असून गाठ नव्हती. मुलानं अण्णांच्या मागाच्या स्विचजवळ एक डबी बसवली आणि ह्यांच्या हातात जणू अण्णाच आले.

सकाळी चौथं बटण उजळलं की हे हसायचे. "बसला बघ म्हातारा." मध्येच विझलं की म्हणायचे, "उठला च्याला. वयनीनं शिरा केला असणार, त्याबिगर एवढा वेळ लागत न्हाय."

बटण कसं लावायचं ते मुलानं मला शिकवलं. "मी कामावर असलो तर तू काय करणार, आई?" म्हणाला. सेटचं बटण दाबून धरायचं. सगळे दिवे लुकलुकले की हवं ते बटण दाबायचं, मग त्या वस्तूच्या डबीवरची टिकलीएवढी कळ. मी चौथी शिकलेली. बिघडेल म्हणून दोनदोनदा विचारून घ्यायची, पण आलं मला.

एका रात्री अण्णांना दवाखान्यात नेलं आणि रात्रीतच ते गेले. तिथूनच त्यांना स्मशानात नेलं, त्यामुळे माडीवरून ह्यांना काही दिसलं नाही. डॉक्टरांनी मुलाला बजावलं होतं, वडिलांचं हृदय फार नाजूक झालंय, सध्या धक्का नको. जाऊबाईंनी तर माझा हातच धरला. कपाळ पुसलेलं, आवाज बसलेला. "त्याला इतक्यात सांगू नका गं. एक गेला, दुसरा नको जायला."

माग बंदच होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी रिमोट छातीवरून खाली ठेवला नाही.

"अण्णा बसला न्हाय?"

मी गुडघ्यावर हात ठेवून दुखतंय म्हणून खूण केली.

"एवढं दुखतंय? मग वयनी काय करतीया? तेल तरी चोळ म्हणावं." ताटातली भाकरी तशीच राहिली. त्याच्या पुढच्या दिवशीही तशीच.

तेव्हा मी मुलानं ठेवलेली जादा डबी घेतली, अडगळीच्या खोलीतला टेबलफॅन तिला जोडला आणि हे झोपल्यावर रिमोट खाली आणून चौथं बटण त्या फॅनवर लावलं. अण्णांच्या वेळेला फॅन सुरू करायची, चहाच्या वेळेला बंद, जेवायला बंद. रिकाम्या पोत्यांवर वारा घालत तो फॅन फिरायचा आणि माडीवर हे दोन घास जास्त खायचे. मला बरं वाटायचं. त्या खोलीतच उभी राहून मी डोळे पुसायची.

घरात सुतक. देवाला दिवा नाही, पूजा नाही, सणवार नाही. एरवी अवसेला मागाची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशीपासून नारळ-फुलांची गडबड. अवसेला आमच्या गल्लीत कुणी मागाला हात लावत नाही. यावेळी ती गडबड नव्हती आणि अवस आली ते माझ्या ध्यानातच आलं नाही. नेहमीसारखा मी फॅन लावला आणि चहा घेऊन वर गेले.

हे समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. रिमोट उजव्या हातात.

"आज अवस हाय गं."

मी कप पुढे केला.

"आमचा बा सांगून गेलता, अवसेला माग चालवायचा न्हाय. अण्णानं जन्मात कधी चालीवला न्हाय. हे कोण चालवतंय?"

मी कप खाली ठेवला. ह्यांनी माझ्या तोंडाकडे, मग चौथ्या बटणाकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "कवा गेला?"

जितके दिवस झाले तितकी बोटं मी दाखवली.

"मला आंघोळ घाल," म्हणाले. भाऊ गेल्याचं कळल्यावर डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं ते त्यांचं राहिलं होतं.

मुलाची सुट्टी होती. आम्ही दोघांनी त्यांना माडीवरच्या मोरीत खुर्चीवर बसवलं. पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि हे रडायला लागले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. अवसेमुळे गल्लीतले सगळे माग बंद होते, म्हणून तो आवाज पार टोकापर्यंत गेला.

जाऊबाई धावत जिना चढून आल्या. मी त्यांना म्हटलं, "आक्का, माझ्याकडूनच कळलं हो."

"असू दे," त्या म्हणाल्या. माझ्या हातातला तांब्या घेतला आणि दिराच्या डोक्यावर त्यांनीच पाणी घातलं.