राबात गेलेली वही

वडील रोज संध्याकाळी एका वहीत काहीतरी लिहीत. काय, ते त्यांनी आईला कधी सांगितलं नाही, आणि तिला वाचता येत नाही. ते गेल्यावर ती मला म्हणाली, सवडीनं वाचून दाखव. सवड काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. वर्षभर मला सवड मिळाली नाही.

मग उन्हाळ्यात गावी, बेडशाच्या शेतात, भाताची रोपं ज्या राखेत वाढवतात तो राब भाजायचा होता. शेण, पाला, गवत पसरून झालं. लोणावळ्यात नोकरी करणारा माणूस शेतात गेला की नको तेवढं काम करतो. पेटेना म्हणून मी माळ्यावरचं रद्दीचं पोतं वर ओतलं. वहीचा निळा पुठ्ठा दिसला तेव्हा जाळ कमरेपर्यंत आला होता.

आईला सांगितलं, शोधतोय. तेव्हापासून कुठंही धूर दिसला की त्यात कुणीतरी हळू आवाजात वाचतंय असं वाटे. मी थांबून ऐकायचो. लोक समजत, मला दमा आहे.

लेक पुण्यात भौतिकशास्त्र शिकते. नवा तांदूळ घरात आला त्या रविवारी आई, लेक आणि मी जेवत होतो. मी लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, जळालेला कागद परत वाचता येतो का? ती म्हणाली, तत्त्वतः येतो. राख, धूर, उजेड, ऊब, सगळं कणाकणानं गोळा केलं तर अक्षरं त्यात असतातच. कोडं आहे ते कृष्णविवराचं. ते पडेल ते गिळतं आणि युगानुयुगं विरत स्वतःही संपतं. विरताना जे बाहेर पडतं त्यात गिळलेल्याची काहीच खूण नसते, असं जुनं गणित म्हणतं. असायलाच हवी, असं बाकीचं शास्त्र. अलीकडची गणितं खुणेच्या बाजूनं आहेत, पण ती बाहेर येते कशी, हे कुणालाच धड सांगता येत नाही.

"म्हणजे गिळून गप्प बसणारं तेवढं एकच," मी म्हणालो.

"आणि तुम्ही, बाबा." तिनं माझा चेहरा पाहिला होता.

मग मी आईला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"ह्याच भाताच्या राबात व्हय?"

"व्हय."

तिनं ताटातला उरलेला भात बोटांनी एका बाजूला गोळा केला.

"मग आदी सांगायचं न्हाई का," ती म्हणाली. "सावकाश खाल्ला असता."

मी तिला आणखी भात वाढला. त्या दिवशी आमची जेवणं उरकायला चार वाजले.