नरेशदादानं न बनवलेलं पेज

माह्या दादाले भरदुपारी लोखंडी रॉडनं मारलं, अन् आजूबाजूच्या दुकानदारांनी आपापले शटर खाली ओढले.

आज वर्ष झालं.

नरेशदादा माहा सख्खा भाऊ नाही. बालाघाटात बसस्टँडच्या मागं त्याचं वेबसाईट बनवायचं दुकान होतं. मी परसवाड्याची, कॉम्प्युटरची डिग्री घेऊन घरी बसलेली पोट्टी. त्यानं कामावर ठेवलं, कोडिंग शिकवलं अन् लय शिव्या देल्या.

हौ, शिव्या. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायचं असते म्हणे. मले नाही जमत. भयंकर तापट होता.

पहिल्याच दिवशी विचारलं, "गोल काय तुहा?"

"वेब डेव्हलपर व्हायचं आहे. मोठ्या कंपनीत."

त्यानं माउस फेकून मारला. माह्या कानाजवळून गेला अन् भिंतीवर फुटला.

"हे गोल आहे का बे? कंपनी तुह्या बापाची आहे का? तुह्या हातात काय आहे ते बोल. या हप्त्यात काय करशील?"

मी घाबरत म्हटलं, "दाताच्या डॉक्टरची साईट मोबाईलवर नीट उघडत नाही. ते ठीक करीन."

"कधीपर्यंत?"

"शनिवार."

"आता बोलली न माणसासारखी."

मंग दर सोमवारी हेच. पोहे-जिलेबी खाता खाता आपला गोल मोठ्यानं सांगायचा, शनिवारी चालवून दाखवायचा. नाही झालं तर काहून नाही झालं ते सांगायचं. रडायचं नाही. पॅकेज, कंपनी असे शब्द काढले का त्याचा हात माउसकडे जाये.

याच्यातूनच मी फॉर्म शिकली, डेटाबेस शिकली, नागपूरच्या क्लायंटसंग फोनवर न अडखळता बोलाले शिकली.

एका सोमवारी त्यानं नवीनच काढलं. "काय करशील ते सांगतलं. काय नाही करशील?"

"म्हणजे?"

"इथं खुर्चीत बसून कोणाचंही घर जाळता येते, पोरी. करिअरचा गोल ठरवतानी हेही ठरवून ठेव. वेळेवर सुचत नाही."

मले वाटलं, भाषण देऊन राह्यला. मी अजून एक जिलेबी घेतली.

मंग तो गिट्टीवाला आला. नाव लिहू नको म्हणून वकिलानं बजावलं आहे, नाहीतर मी त्याचं नाव इथं ठळक अक्षरात लिहिलं असतं. त्याच्या गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, धंद्याची साईट दादानंच बनवून देलती. या वेळी त्यानं टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला.

बैहरच्या एका पोट्टीनं त्याले लग्नाले नाही म्हटलं होतं. दादानं पेनड्राइव्ह लावून पाहिला, तर तिचे फोटो होते. चेहरा तिचा, अंग दुसऱ्याच कोणाचं.

"हिच्या नावाचं पेज बनव. मोबाईल नंबर टाक. गुगलवर नाव टाकलं का हेच पहिले आलं पाहिजे. मंग पाहू हिच्यासंग कोण लग्न करते."

दादानं शांतपणे विचारलं, "याची कॉपी आहे का अजून?"

"नाही. बनवणाऱ्यानं यातच देले."

दादानं पेनड्राइव्ह काढून खाली टाकला अन् बुटाच्या टाचेनं रगडला. पार चुरा होईपर्यंत. मंग त्याची कॉलर धरली अन् त्याले दुकानाबाहेर नालीत फेकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची माणसं आली.

पहिला रॉड मनगटावर. मंग गुडघ्यावर. दादा खाली पडला तरी मले ओरडत होता, "मांगं जा! मांगं जा तू!" मंग डोक्यावर.

मी मांगं गेली नाही. कीबोर्ड उचलला अन् एकाच्या तोंडावर हाणला. त्याचं नाक फुटलं, याचा मले आजही आनंद आहे. त्यानं मले भिंतीवर आपटलं. उजवा खांदा अजूनही वर जात नाही.

बालाघाटच्या डॉक्टरनं गोंदियाले न्या म्हटलं. ॲम्ब्युलन्समधी दादानं माहा हात धरला.

"त्या पोट्टीचं नाव... कोणाले सांगू नको."

वाटेतलं राजेगाव यायच्या आधीच तो गेला.

मारणारे पकडल्या गेले. म्हणे, गाडी लावण्यावरून भांडण झालं. गिट्टीवाला म्हणे, माहा काय संबंध? जमानतीवर सुटला. वकील मले विचारे, "त्यानं मारायला लावलं, पण कारण काय?" कारण मले माहीत होतं. पण पुरावा कुठं? पेनड्राइव्हचा दादानंच चुरा केला होता. अन् नाव घेतलं तर ज्या बदनामीपासून पोरीले वाचवाले दादा मेला, ती मीच केली असती.

गिट्टीवाला दुकानासमोरून बुलेट फिरवे. एकदा थांबून म्हणे, "दूसरा कंधा तो ठीक है ना?"

माह्या साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर एक पोट्टी आली. बैहरच्या बसनं, एकटीच. चेहरा पाहिला अन् ओळखला. पेनड्राइव्हमधलीच.

"दीदी, पेपर में उसका और दुकान का नाम पढ़ा, तो समझ गई. मेरा नाम मैं खुद लूँगी. उसकी सारी धमकियाँ मेरे फोन में हैं. पेज बनवाऊँगा, ये भी लिखा है."

मी म्हटलं, "दादानं मना केलं होतं गं."

"उन्होंने आपको मना किया था. मुझे नहीं."

अन् ती वकिलासंग आत गेली.

मागच्या हप्त्यात गिट्टीवाल्याची जमानत रद्द झाली. निकाल बाकी आहे. पण तो आत आहे.

दादा, भावपूर्ण बिवपूर्ण मले लिहिता येत नाही. तुह्या पोरीचा नमस्कार घे.

आज तुही लय याद येऊन राह्यली.