शिंद्यांची सायकल आणि जोश्यांचे हार

आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळात चार माणसं जमली की सायकलफेरीचा विषय निघतोच. दर वेळी कुणीतरी त्यात पदरचं घालतं, त्यामुळे किस्से वाढतच चाललेत. मी स्वतः फेरीत होतो, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पदरचं मीही घालतो, पण बेतानं.

काश्मीरची लढाई नुकतीच थांबली होती. जखमी जवानांसाठी वाटेत मदत गोळा करत रांचीच्या लष्करी इस्पितळापर्यंत सायकलनं जायचं, असं मंडळात ठरलं. मी गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातला, जोशी खिदिरपूरच्या गोदीतले. सायकल मारणाऱ्यांत खरा सैनिक एकच, हवालदार शिंदे. लढाईत त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. लाकडी पाय पेडलला पट्ट्यानं बांधून ते सायकल मारत.

फोर्ट विल्यममधले आमचे मेजरसाहेब ट्रक घेऊन बरोबर येणार होते. त्यांनी शिंद्यांना अट घातली, पाय एकदा जरी निसटला तर पुढचा प्रवास ट्रकमधून. शिंद्यांना ते चालणारं नव्हतं. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला गणपत त्या इस्पितळात होता. त्याचाही पाय गेलेला, आणि इस्पितळानं दिलेला लाकडी पाय लावायचं तो नावच काढत नव्हता. "त्याच्यासमोर मला सायकलवरूनच जायचंय," शिंदे म्हणायचे.

*

जोशी हावडा पुलावरच ट्रामच्या रुळात चाक अडकून पडले. जरा खोक पडली, पण ट्रकमधून बरोबर आलेल्या मंडळाच्या डॉक्टरांनी इतक्या हौसेनं बँडेज बांधलं की जोश्यांचे नुसते डोळे दिसत होते.

बर्दवानला स्वागताला माणसं जमली होती. त्यांनी शिंद्यांना बाजूला सारून जोश्यांनाच हार घातला, खुर्चीत बसवलं आणि मिहिदाना ही तिथली खास मिठाई भरवली. एका आजीबाईंना तर रडू आवरेना. जखमी जवान तो मी नव्हे, असं जोशी मोडक्या बंगालीत दोनदा म्हणाले, तो सगळ्यांना विनयच वाटला. शिंदे मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

खोक लवकरच भरली. पण पुढच्या गावांतही मिठाई असणार, म्हणून जोश्यांनी बँडेज काही सोडलं नाही.

*

आसनसोलच्या पुढे एका खड्ड्यात पट्टा सुटला आणि शिंद्यांचा पाय निसटला. मेजरसाहेबांनी नेमकं पाहिलं. ट्रकचं फळकूट पाडलं, तर आत मुंगीला शिरायला जागा नाही! दशम्यांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, वळकट्या, स्टोव्ह, आणि चक्क एक पाटा-वरवंटा. निघण्याआधी शिंदे घरोघर जाऊन सांगून आले होते, वहिनी, प्रवास लांबचा आहे, थोडं जास्तच द्या. आपल्या बायकांना एवढं पुरे होतं.

पुढे ड्रायव्हर, शेजारी मेजरसाहेब, आणि त्यांच्या मांडीवर त्यांच्याच घरचा लाडवांचा डबा. साहेबांनी डब्याकडे पाहिलं, शिंद्यांकडे पाहिलं.

"पट्टा घट्ट बांधा," एवढंच म्हणाले.

*

धनबादच्या वाटेवर एका कुत्र्यानं शिंद्यांचा उजवाच पाय धरला. शिंदे शांतपणे पेडल मारत राहिले. कुत्रं थोडं फरफटलं, मग सोडून रस्त्यातच बसलं आणि विचारात पडलं. मागून आलेल्या आमच्यापैकी कुणाच्या वाटेला ते गेलं नाही.

*

रांचीच्या घाटात शिंद्यांना उतरावं लागलं. त्यांना सोबत म्हणून आम्हीही उतरलो, असं आम्ही सांगतो. खरं म्हणजे आम्ही केव्हाच उतरलो होतो.

इस्पितळाच्या फाटकात हार पुन्हा जोश्यांकडेच निघाले. तेव्हा मात्र जोश्यांनी बँडेज ओढून काढलं आणि शिंद्यांकडे बोट केलं. पण शिंदे होते कुठे? ते सायकलसकट थेट वॉर्डच्या व्हरांड्यात शिरले होते आणि नर्सबाई मागून धावत होत्या.

गणपतची खाट तिथेच होती. शिंद्यांना पाहून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. शिंदे सायकलवरूनच व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले. नर्सबाईही थांबल्या.

शेवटी गणपत वळला. बराच वेळ सायकलकडे बघत राहिला.

"सीट केवढं उंच ठेवलंयस रे," तो म्हणाला. "उतर खाली. आणि खाटेखालचा तो पाय दे इकडे."