टक्कल आणि टँकर

साहेबांनी माझ्या टकलावर तळहात आपटला आणि समोरच्या बायकांना म्हणाले, "आधी इथं टँकर पाठवावा लागंल. बघा कसं कोरडं पडलंय!"

ऑफिस हसलं. मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. पाणी मागायला आलेल्या त्या बायका माझ्याच वस्तीच्या होत्या, भीमनगरच्या. त्यातली अनुसयाआजी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

लातूरकडचा तालुका, दुष्काळाचं साल. साहेब मोठ्या घरातले. मी आमच्या वस्तीतला पहिला सरकारी नोकर. वस्तीचा टँकर वस्तीवरच रिकामा होतो का, ते उभं राहून पाहायचं हे माझं काम. पण डोक्यात एकच. टक्कल गेलं की इज्जत मिळेल. रजा टाकली आणि नांदेड गाठलं.

केस लावणारा डॉक्टर भला माणूस. म्हणाला, दोन पद्धती आहेत. एकीत डोक्यामागून कातडीची पट्टी काढायची, तिच्यातली केसांची मुळं सोडवून पुढे लावायची. मुळं भरपूर मिळतात, पण मागे टाक्यांची रेघ उरते. दुसरीत एकेक मूळ वेगळं काढायचं. रेघ नाही, बारीक ठिपके राहतात. वेळ मात्र फार लागतो.

"कसंबी करा, दाट दिसलं पायजे," मी म्हणालो.

"सगळीकडं गच्च लावलं की टोप घातल्यासारखं दिसतं. कपाळाशी एकेरी केस, जरा वाकडेतिकडे. त्याच्या मागं दाट. मगच खरं वाटतं. अन् नवा केस उगवत नसतो, मागचाच पुढं येतो. जास्त उपसलं तर मागं उजाड."

मी एकेक मूळ काढायचं ठरवलं. एसटीत मनातल्या मनात भांग पाडत परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसयाआजी दारात. "बाबा, काल टँकर आलाच न्हाई. साहेबाच्या सासऱ्याच्या मोसंबीला गेला म्हनं. पोरींनी डबक्यातलं पानी आनलं. नातवाला जुलाब लागलेत, दवाखान्यात हाय." मग माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "तू रजेवर व्हतास. आजारी व्हतास का रं?"

मी हो म्हणालो.

त्याच दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर पुन्हा हात उचलला. मी मनगट धरलं. "हात खाली घ्या. काल टँकर कुठं गेला ते सांगा."

कुणी हसलं नाही. "लई शहाणा झालास. बदली करीन," साहेब म्हणाले.

"करा. त्याच्या आधी वर तक्रार करतो." आणि केली.

यात शूरपणा काही नाही. लेकरू सलाइनवर आहे, ते माझ्या भांगापायी. रविवारी विहारात वंदनेला सगळी वस्ती जमेल. वंदना झाली की उभा राहणार आणि आजीला सांगणार, मी आजारी नव्हतो, केस लावायचं बघायला गेलो होतो. ती जे बोलेल ते ऐकून घेणार. माफी मात्र मागणार नाही. मागितली की मन मोठं करायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं.